हापूसची थेट विक्री: इन्स्टा, व्हॉट्सॲप, फेसबुकचा खरा उपयोग कुठे होतो?

कलमबाग

नमस्कार मंडळी. थंडी पडायला लागली की आमच्याकडे मोहोराची वाट बघणं सुरू होतं, आणि नेमके त्याच सुमाराला ओळखीच्या बागायतदारांचे फोन येतात. "यंदा आम्हालाही इन्स्टावर पेज काढायचंय, कसं करायचं ते सांग." प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. इथे विकणारे आहेत, विकत घेणारे त्याहून जास्त आहेत, दोघांनीही भर घालावी.

आमची बाग देवगड तालुक्यात. बाग सासरे आणि दीर बघतात, विक्रीचं माझ्याकडे. पूर्वी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ऐन हंगामात मार्केटचा भरवसा उरला नाही, तेव्हा कोकणातल्या अनेकांनी फोनवरून ऑर्डरी घेऊन पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये थेट पेट्या पाठवल्या. आम्हीही त्यातलेच. तेव्हापासून वाशीला जाणारा माल कमी होत गेला आणि घरपोच जाणारा वाढत गेला.

सगळ्यात आधी एक सांगते. आंबा विकला जातो एप्रिल-मेमध्ये, पण विश्वास नोव्हेंबरपासून कमवावा लागतो. मार्चमध्ये पेज काढून "अस्सल देवगड हापूस, बुकिंग सुरू" असं पोस्टर टाकणारे ढिगाने असतात. कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावावर खपवला जातो हे आता गिऱ्हाइकालाही ठाऊक आहे. त्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की या माणसाची खरोखर बाग आहे का. तयार पोस्टरवरच्या पिवळ्याधमक आंब्याने ते कळत नाही. डिसेंबरात मोहोर फुटला त्याचा फोटो, तुडतुड्यासाठी फवारणी चालू असतानाचा व्हिडिओ, फेब्रुवारीत कणी धरली, कैरी सुपारीएवढी झाली, मग अवकाळी आला आणि झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडला, हे सगळं जो महिनोन् महिने बघत आलाय त्याला एप्रिलमध्ये "विश्वास ठेवा" असं म्हणावं लागत नाही. पडझडीचे फोटो टाकायला लोक कचरतात. टाकावेत. यंदा माल कमी आहे, दर चढा आहे, हे त्या फोटोंनंतर कोणाला समजावत बसावं लागत नाही.

आमच्या पेजवर सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ अगदी साधा आहे. दीर फांदीवर उभे, हातात झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला आम्ही वापरतो. देठ त्याच्या पात्यात अडकवून हलका हिसका दिला की फळ देठासकट जाळीत येतं. मग त्यांनी दोन आंबे शेजारी धरून दाखवले, एक देठासकट काढलेला, एक देठ मोडून पडलेला. दुसऱ्याचा चीक सालीवर ओघळून तिथे डाग पडायला लागला होता. देठाच्या जागेतूनच पुढे कूज शिरते, हेही त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं. वर गाणं नाही, एडिटिंग नाही. खाली प्रश्न आले ते असे: आंबा किती आणे तयार झाल्यावर काढता, पेंढ्यात किती दिवस ठेवायचा, साल सुरकुतली तर खराब समजायचा का. असे प्रश्न विचारणारा माणूस पुढे पेटी घेतोच. नुसता बदाम टाकून जाणारा सहसा घेत नाही.

म्हणून लाइक किती आले यापेक्षा गेल्या वर्षीच्या किती गिऱ्हाइकांनी यंदा परत मागवलं, ते मी बघते. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर नवीन माणूस आपल्याला बघतो. पण ऑर्डर, पत्ता, पैसे, तक्रार हे सगळं व्हॉट्सॲपवर होतं, आणि आपल्या हातात कायम राहते ती नंबरांची यादी. पेज उद्या बंद पडलं, कोणी हॅक केलं, तरी यादी आपली असते. माझ्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकापुढे नोंद असते: राहतात कुठे, कोणत्या आकाराचं फळ आवडतं, अक्षय्य तृतीयेच्या आधी हवं असतं की मुलांच्या परीक्षा संपल्यावर, मागच्या वर्षी काही बिनसलं होतं का. व्हॉट्सॲप बिझनेसमधली लेबलं यासाठी छान आहेत, पण मी जोडीला वहीही ठेवते.

आता मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. जाहिरातीवर पैसे घालावेत का, आणि घातले तर कधी? आणि ज्यांचे लाखो फॉलोअर आहेत अशा लोकांना पेटी पाठवून रील करून घेण्यात अर्थ आहे का?

कोथरूडकर

घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. दर लिहा हो! "दरासाठी मेसेज करा" दिसलं की मी पुढे सरकतो. मेसेज केला की आधी नाव, मग एरिया, मग "किती पेट्या हव्यात सर", आणि दर शेवटी. तोवर आमचा उत्साह संपलेला असतो.

आणि पेटी म्हणजे किती ते लिहा. कोणाची पाच डझनांची, कोणाची सहाची, कोणी दोन डझनांच्या खोक्यालाही पेटीच म्हणतो. डझन किती, एका फळाचं वजन साधारण किती ग्रॅम, घरपोच खर्च धरून की वेगळा, एवढं एका ओळीत लिहिलं तर तुलना करता येते. मी ज्यांच्याकडून घेतो ते दर सोमवारी त्या आठवड्याचे दर स्टेटसला टाकतात, उतरले तर उतरलेले टाकतात. त्यांचा दर सगळ्यात कमी नसतो, तरी मी दुसरीकडे जात नाही.

कलमबाग

कोथरूडकर, शंभर टक्के पटलं. दर लिहिला की शेजारचा बागायतदार दोन रुपये कमी लावेल, अशी भीती असते लोकांना. लावू दे. घासाघीस करणारे त्याच्याकडे जातात आणि आपला वेळ वाचतो.

फणसपोळी

मी लहान व्यावसायिकांच्या जाहिराती बघते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाबद्दल.

पोस्टखाली निळं "बूस्ट" बटण दिसतं ते घाईत दाबू नका. त्याने बघणारे वाढतात, ऑर्डरी वाढतीलच असं नाही. ॲड्स मॅनेजरमध्ये (फेसबुक-इन्स्टाच्या जाहिराती लावायची जागा) जाऊन व्हॉट्सॲपवर मेसेज येतील असा उद्देश निवडा. जाहिरातीवर बोट ठेवलं की थेट तुमचं व्हॉट्सॲप उघडतं. जागा निवडताना "महाराष्ट्र" निवडू नका. जिथे तुमचा टेम्पो जातो, तेवढ्याच भागावर नकाशात खूण करून भोवतालचे काही किलोमीटर घ्या. नागपूरहून चौकशी आली आणि तिथे पोचवायची सोय नसली, तर त्या मेसेजचे पैसे वाया गेले. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो हिशेबात धरा.

कधी करायची? हातात माल असताना. फेब्रुवारीत चार पेट्या निघतात तेव्हा जाहिरात केली तर शंभर जणांना "अजून नाही" म्हणावं लागतं, आणि ते पुन्हा येत नाहीत. आवक वाढते त्या एप्रिलमध्ये करा. आणि मेसेज आल्यावर उत्तर कोण देणार हे आधी ठरवा. रात्री नऊला आलेल्या चौकशीला दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर गेलं, तर तोवर त्या माणसाने दुसरीकडे पैसे भरलेले असतात. जाहिरात वाया जाते ती बहुतेक वेळा इथे.

एक अजून. नवीन माणसासाठी केलेल्या जाहिरातीवर जेवढा खर्च होतो, त्याच्या कितीतरी कमी खर्चात जुन्या गिऱ्हाइकाला "यंदाची पहिली तोड गुरुवारी, तुमच्यासाठी ठेवू का?" असा मेसेज जातो. आधी जुनी यादी संपवा, मग जाहिरात.

सुरंगी

ताई, आमच्या वेंगुर्ल्यातल्या काजूवाल्यांक पण ह्याच लागू आसा. माझी शंका: गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप करावा की ब्रॉडकास्ट? मी ग्रुप केला तर लोक त्यात सकाळचे सुविचार टाकायला लागले.

कलमबाग

सुरंगी, साधा ग्रुप नको. सुविचार तर येतातच, पण त्याहून मोठं म्हणजे सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. गिऱ्हाइकाने नंबर तुम्हाला दिलाय, दोनशे अनोळखी लोकांना नाही. शिवाय दुसरा विक्रेता ग्रुपात शिरून सगळे नंबर उचलून नेतो, हे आमच्याकडे घडलेलं आहे.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. ही मला अडचण वाटत नाही, गाळणीच आहे ती. पेटीत आम्ही जी चिठ्ठी टाकतो तिच्यावर पहिली ओळ असते, "हा नंबर सेव्ह करा, पुढच्या तोडीची वर्दी मिळेल." जास्त माणसं असतील तर कम्युनिटी करून फक्त घोषणांचा ग्रुप ठेवा, त्यात सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आणि हंगामात आठवड्याला एकाहून जास्त मेसेज नको. लोक ब्लॉक करतात, आणि ब्लॉक केल्याचं आपल्याला कळतही नाही.

ठाणे_पूर्व

दोन वर्षांपूर्वी एका पेजवर भरपूर फॉलोअर, बागेचे सुंदर फोटो बघून आगाऊ पैसे भरले. पेटी आली नाही, नंतर पेजच गायब. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, त्यांच्या संकेतस्थळावर नोंद केली. तेव्हापासून मी तीन गोष्टी बघतो. पेजवर सर्वात जुनी पोस्ट कधीची आहे. फोटोत तीच माणसं, तीच बाग पुन्हा पुन्हा दिसते का. आणि व्हिडिओ कॉल केला तर उचलतात का. शेवटच्या गोष्टीत बरेच जण गळतात.

त्यामुळे कलमबाग यांचं नोव्हेंबरपासून पोस्ट टाकण्याचं म्हणणं घेणाऱ्याच्या दृष्टीनेही अगदी बरोबर आहे. तीन आठवड्यांचं पेज आणि तीन वर्षांचं पेज यात फरक करायला आम्हाला दुसरं काही साधनच नाही.

फणसपोळी

ठाणे_पूर्व, फसवणूक उलट्या बाजूनेही होते. "पैसे पाठवले" म्हणून खोटा स्क्रीनशॉट येतो आणि घाईगर्दीत पेटी निघून जाते. स्क्रीनशॉट बघून माल सोडायचा नाही, खात्यात जमा झाल्याचं बघूनच सोडायचा. पैसे घेताना आपला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या मोठ्यांना नीट समजावून ठेवा, कारण दुपारी फोन त्यांच्याच हातात असतो. आणि व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावून टाका. ऐन एप्रिलमध्ये खातं दुसऱ्याच्या हातात गेलं तर हंगामच गेला.

बीएस्सी_ॲग्री

विषयात थोडं कडक लिहितो, कारण रोज हे बघतो. पोस्टमध्ये "१००% केमिकल फ्री", "ऑर्गेनिक" असं सर्रास लिहितात. तुडतुडे, भुरी यांसाठी फवारणी झालेली असते हे आपल्याला माहीत आहे. पीजीएस किंवा एनपीओपी या सेंद्रिय शेतीच्या सरकारी योजनांचं प्रमाणपत्र असेल तरच सेंद्रिय लिहा. नसेल तर जे करता ते लिहा: कोणत्या महिन्यात शेवटची फवारणी, तोडणीच्या आधी किती दिवस बंद, फळमाशीसाठी रक्षक सापळे लावलेत का. रक्षक सापळ्यात अडकलेल्या माश्यांचा फोटो टाका, लोकांना तो फार आवडतो.

पिकवण्याबद्दलही तसंच. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे, इथिलीन वायूने पिकवायला ठरावीक प्रमाणात परवानगी आहे. तुम्ही पेंढ्यात पिकवत असाल तर अढी दाखवा. इथिलीन वापरत असाल तर तसं सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांतला आंबा त्यात येतो. पण जीआयचं बोधचिन्ह पोस्टरवर टाकायला तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. शेजाऱ्याची आहे म्हणून आपण लावायचं असं नाही. नोंदणी झाली असेल तर प्रमाणपत्राचा फोटो पेजच्या वर पिन करून ठेवा. देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर लावायचे युआयडी स्टिकर, म्हणजे प्रत्येकाचा वेगळा क्रमांक असलेले, आणले. तुम्ही ते लावत असाल तर गिऱ्हाइकाने ते तपासायचे कसे याचा एक छोटा व्हिडिओ कराच. स्टिकर लावला पण तपासायचं माहीतच नाही, तर त्याचा काय उपयोग?

हडसनकाठचा

आम्ही न्यूजर्सीत. इथे २००७ पासून विकिरण केलेला भारतीय आंबा येतो, पण दर बघून दोन-चार डझनांवर थांबतो. खरी ऑर्डर असते ती डोंबिवलीतल्या आईबाबांसाठी. इथे बसून पैसे भरायचे आणि तिथे पेटी पोचायची. तर विक्रेत्यांनो, कृपया दोन गोष्टी करा. पैसे भरणारा एक आणि घेणारा दुसरा असू शकतो हे धरून फॉर्ममध्ये दोन नंबर घ्या. आणि पेटी पोचल्यावर आईबाबांचा फोटो, त्यांची हरकत नसेल तर, आम्हाला पाठवा. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी त्या एका फोटोपायी तोच विक्रेता धरून ठेवलाय.

म्हापसेकर

गोंयांत मानकुराद हापूसाहून वरचढ, हा वाद इथे घालत नाही. आमच्याकडे एका शेतकऱ्याने फक्त आपल्या गावाच्या आजूबाजूच्या फेसबुक ग्रुपांत लिहिलं, "सकाळी आठ ते दहा घरासमोर, मानकुराद, संपेपर्यंत." बाहेर कुठेही पाठवत नाही. दहाच्या आत संपतो. सगळ्यांनीच पुण्याला पाठवायला हवं असं नाही, एवढंच सांगायचं होतं.

वायंगणी_बाग

रील करणाऱ्या प्रसिद्ध मंडळींबद्दल माझं मत वेगळं आहे. आम्ही पैसे देऊन एक रील करून घेतलं. बघणारे खूप, चौकशा भरपूर, त्यातल्या बऱ्याच महाराष्ट्राबाहेरच्या. पण वर्षभरात पेजला मिळाली नव्हती एवढी ओळख त्या एका आठवड्यात मिळाली. पुढच्या वर्षी त्यातले काही गिऱ्हाईक म्हणून टिकले. सरसकट नको म्हणणं मला पटत नाही.

फणसपोळी

वायंगणी_बाग, सरसकट नको असं मीही म्हणणार नाही. पण लाखो फॉलोअर असलेल्या, आज आंबा उद्या फेसवॉश दाखवणाऱ्या माणसापेक्षा ठाण्यातल्या किंवा पिंपरीतल्या, फक्त स्वयंपाकाबद्दल बोलणाऱ्या, आठ-दहा हजार फॉलोअरांच्या बाईचं रील तुमच्या कामाचं. तिचं ऐकणारे तुमच्या टेम्पोच्या वाटेवर राहतात. आणि पैसे दिले किंवा पेटी फुकट दिली, तर रीलमध्ये ते सशुल्क असल्याचं स्पष्ट लिहायला लावा. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे २०२१ पासून तसे नियम आहेत. पाहणाऱ्यालाही हल्ली कळतं, आणि लपवलेलं कळलं की राग तुमच्यावर निघतो.

कलमबाग

सगळ्यांचे आभार. आता ज्या विषयाने मला स्वतःला झोप लागत नसे त्याबद्दल लिहिते: सगळ्यांसमोर येणारी तक्रार.

मागच्या हंगामात एका गिऱ्हाइकाने पेजवर कापलेल्या आंब्याचा फोटो टाकला. आत पांढरट, स्पंजासारखा भाग. साका. खाली लिहिलं, "एवढे पैसे घेऊन हे?" साका बाहेरून दिसत नाही, कापल्याशिवाय कोणालाच कळत नाही, ना आम्हाला ना तोडणाऱ्याला. घरातल्यांचं म्हणणं पडलं की ती कमेंट काढून टाक. मी काढली नाही. तिथेच सगळ्यांसमोर उत्तर लिहिलं: हा साका आहे, उष्णतेने गराच्या आत होतो, खाण्यात मजा नाही, तुमची जितकी फळं अशी निघाली तितकी पुढच्या तोडीत बदलून देतो, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. दिली. त्यांनी त्याच कमेंटखाली येऊन "मिळाले" असं लिहिलं. त्यानंतर त्या पोस्टखाली नवीन लोकांनी ऑर्डरी दिल्या, कारण त्यांना दिसलं की इथे काही बिघडलं तर माणूस पळून जात नाही.

तेव्हापासून बदलीचा नियम आम्ही कॅटलॉगमध्येच लिहून ठेवलाय. पिकल्यावर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळं बदलून मिळतील किंवा पैसे परत. आणि पेटी निघाली की प्रत्येकाला एक ठरलेला व्हिडिओ जातो: पेटी उघडा, फळं पेंढ्यात एका थरात मांडा, एकावर एक रचू नका, रोज हात लावून बघा, वास सुटला आणि बोटाने किंचित दबलं की खा, पिकण्याआधी फ्रिजमध्ये ठेवू नका. यातलं काही न केल्याने "आंबा आंबटच निघाला" असे जे फोन यायचे, ते खूप कमी झाले. पेजवर कितीही रील टाकले तरी सगळ्यात कामाचा व्हिडिओ हाच, आणि तो पेजवर नाहीच!

सुरंगी

बीएस्सी_ॲग्री, आंब्याचा पल्प आणि आंबापोळी पण इन्स्टावर विकली तर?

बीएस्सी_ॲग्री

ताज्या फळाचं वेगळं, प्रक्रिया केलेल्या पदार्थाचं वेगळं. पल्प, आंबापोळी, काजूची चिक्की, काहीही असलं तरी एफएसएसएआयची (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी घ्या आणि नंबर लेबलवर छापा. पोस्टमधल्या बरणीवर तो नंबर वाचता येईल असा फोटो काढा. अर्ज ऑनलाइन होतो, छोट्या उत्पादकासाठी शुल्क नाममात्र आहे. पावसाळ्यात पेज थंड पडतं, तेव्हा हेच पदार्थ पेज जागं ठेवतात.

आडवळण

उशिरा आलो. आमची सावंतवाडीजवळ छोटी बाग. मी नोकरीनिमित्त पुण्यात, बाग बाबा बघतात. धागा वाचून मोहोराचे व्हिडिओ करायचं ठरवलंय, पण मी तिथे नसतो आणि बाबांना प्रमाण मराठीत बोलायला संकोच वाटतो. मी इथून आवाज देऊन व्हिडिओवर चढवू का?

कलमबाग

नको. बाबांनाच बोलू दे, आणि मालवणीतच बोलू दे. झाड ओळखणारा माणूस बोलतोय हे पुणेकराला पहिल्या वाक्यात कळतं. हवं तर खाली मराठीत ओळी टाका. त्यांना एकच सांगा, फोन आडवा नको उभा धरायचा, आणि उन्हाकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे समोरचा मोहोर उजेडात येतो. बागेत वाऱ्याने आवाज फाटतो, तेवढा एक कॉलरला लावायचा माइक पुण्याहून घेऊन जा.